बत्ती कुणी दिली

उद्यमनगर, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आक्कास,
धाकट्या कृष्णातचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, इकडं कुणी आजारी नाही. फोनच करणार होतो. पण फोन आला की तू स्पीकर लावून तो ओट्यावर ठेवतेस आणि भाकरी थापत बोलतेस. मग मी काय म्हणतो ते दाजींना कळतं, दळण घेऊन जाणाऱ्या बायकांना कळतं, आणि मागं सरपंचाच्या नव्या गाडीबद्दल बोललो ते संध्याकाळच्या आत खुद्द सरपंचाला कळलं. ते कुणी सांगितलं याचा शोध मी अजून सोडलेला नाही. म्हणून हे पत्र. दाजींच्या हातात पडू देऊ नकोस.

तू पाठवलेली काकवी पोचली. क्रांती म्हणते बाटली भरून आलीय, मला मात्र बूच उघडून परत लावल्यासारखं वाटलं. कंडक्टरवर संशय घेतला म्हणून तिनं मला दिवसभर चिडवलं. "तुमास्नी देवळातल्या घंटेचा पण संशय यील, वाजती का नुसतीच हालती म्हणून," असं म्हणाली. म्हणू दे. चपाती-काकवी खाल्ली, चव चांगली होती.

दाजींचा गुडघा कसा आहे? मला वाटतं यंदा भैरोबाच्या यात्रेत त्यांनी बत्ती देऊ नये. मान तुमच्या घराण्याचा आहे, कुणी काढून घेत नाही. पण पेटता काकडा काठीला लावून दारू ठासलेल्या उखळीच्या अगदी जवळ जायचं, बत्ती द्यायची, आणि देवाकडं पाठ करायची नाही म्हणून उलट्या पावलांनी मागं यायचं. तेही पळत नाही, चालत. पासष्टी ओलांडलेल्या माणसानं दुखऱ्या गुडघ्यानं हे कसं करायचं? एखाद्या भावकीतल्या तरण्या माणसाला, नाहीतर यंदापुरतं दारूकामवाल्या पिराजीला करू दे. तो लांबून वात लावून उडवतो.

तू म्हणशील, गुडघ्यासाठी कुणी एवढं लांब पत्र लिहीत नाही. खरं आहे.

उखळीचं सांगतो. जुनी तडकली आणि पोलिसांनी बंद केली, तेव्हापासून तुमच्या गावात फटाक्याच्या माळेवर पालखी उचलतात आणि दाजी त्या दिवशी जेवत नाहीत, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून यात्रा कमिटीनं तिची लहान नक्कल करायचं काम आमच्याकडं दिलं तेव्हा मला आनंद झाला होता. तेच रुंद, आभाळाकडं बघणारं तोंड, तीच आखूड मान, तेच जाड बूड, फक्त आकारानं निम्मी. गुंडू मिस्त्रीनं जुन्या उखळीची मापं घेऊन साच्यासाठी सागवानी नमुना केला. मी म्हणालो, बीड नको, बीड ठिसूळ, फुटलं तर तुकडे होऊन उडतं. तांब्या-कथलाच्या गनमेटलची ओतू. ओतायचं काम तुझ्या सम्राटच्या शिरोलीतल्या भट्टीवर. आतलं भोक तासून बोअर मारायचं माझ्या लेथवर. दारू आणि तिचा परवाना पिराजीचा. म्हणजे सगळं घरच्या घरी.

ओतीव आलं ते काळा रंग देऊन आलं.

आक्का, मी आयुष्यभर दुसऱ्यांची ओतीवं मशीनवर लावत आलोय. ओतीव येतं ते खरबरीत, वाळू चिकटलेलं, कडांना दाते निघालेलं. रंगवून कुणी आणत नाही. आणि गनमेटलला रंग? पितळी समईला कुणी काळा रंग देतं का? मी सम्राटला विचारलं, "रंग कशाला रं दिलास?"

"मामा, देवळाभाईर ऱ्हाणार ती. पिवळी दिसली तर चार दिसात भंगारवाल्याकडं जाईल की. आनि जुनी बी काळीच हुती न्हवं."

उत्तर तयार होतं. विचारल्याबरोबर तयार उत्तर आलं की माझे कान उभे राहतात. वर म्हणाला, "तुमी निस्ता आतनं बोअर मारा. बुडाला हात लावू नगा, तितला रंग वला हाय." रंग सगळ्या अंगाला एकाच वेळी दिलेला. मग ओला फक्त बुडालाच कसा?

दुसऱ्या दिवशी गुंडूच्या दुकानात सहज म्हणून गेलतो. सहज म्हणजे काय, विचारायलाच गेलतो. तो म्हणाला, नमुना सम्राटनं दोनदा नेला. पहिल्यांदा नेला, परत आणून दिला, मग पुन्हा नेला. सम्राट तर मला म्हणाला होता की पहिल्याच ओतीत झक्क उतरली.

मग मी दुपारी शटर निम्मं खाली ओढलं आणि पात्यानं बुडाचा नखाएवढा रंग खरवडला. खाली गनमेटलचा पिवळा रंग दिसायला हवा होता. दिसली ती राखाडी पुट्टी.

तुला समजेल असं सांगतो. ओतताना हवा अडकली की धातूत पोकळी राहते. ती वर आली तर खड्डा दिसतो, आत राहिली तर कुणाच्या बापाला दिसत नाही. बाहेर एक खड्डा दिसला की आत त्याची भावंडं असणार, असं आम्ही धरून चालतो. लबाड फाउंड्रीवाले त्या खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात, वर रंग मारतात. पंपाच्या झाकणाला चालतं ते. पण उखळीच्या बुडाशीच दारू भरतात. सगळा दणका तिथं बसतो आणि तिथून हातभरावर दाजी काकडा घेऊन उभे असणार.

उखळी तपासणीवाल्याकडं पण नेऊन आणली. त्यानं यंत्र फिरवलं आणि म्हणाला, गनमेटलच्या एवढ्या जाड ओतीवात नीट दिसत नाही, पण बहुतेक ठीक आहे. बहुतेक! दाजी बहुतेक जिवंत राहतील, असं मी तुला सांगू का?

शेवटी सम्राटला तोंडावर विचारलं, "पुट्टी मारलीस का रं कुठं?"

"न्हाय वो मामा." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

पुढं मी काय बोलणार? मला आणि क्रांतीला मूलबाळ नाही. डिप्लोमाला आला तेव्हापासून तो माझ्या घरी वाढला. दुकानाच्या शटरवर त्याचं नाव घालायचं माझ्या मनात आहे हे फक्त तुला आणि क्रांतीला माहीत आहे. एकदा का मी त्याला खोटारडा म्हणालो की तो परत येणार नाही, तुझ्यावरच गेलाय तो. आणि तसं म्हणालो नाही तर दाजी त्या बुडाशेजारी उभे राहतात.

म्हणून तू दाजींना गुडघ्याचं कारण सांग. सम्राटला या पत्राबद्दल बोलू नकोस. मी जमेल तेवढं शोधून काढतो.

तुझा
कृष्णात


उद्यमनगर, कोल्हापूर
२५ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास,
नमस्कार.

परवा तू पहिल्यांदाच स्पीकर बंद करून बोललीस. आवाज इतका जवळून आला की मी फोन कानापासून लांब धरला. "माज्या पोरानं बापाच्या हातात फुटणारी वस्तू दिली, आसं म्हणतोस व्हय रं किस्ना?" असं विचारलंस. मी तसं म्हणालो नाही. पुट्टी आहे एवढंच म्हणालो. पुट्टी आहे, रंग आहे, नमुना दोनदा नेलाय आणि तो नाही म्हणतोय. यातून काय निघतं ते तूच ठरव. तू फोन ठेवलास ते बरं केलंस.

उद्या शिवरात्र. क्रांती साबुदाणा भिजवत बसलीय आणि मी इकडं लिहितोय. तिला सांगितलंय बिल लिहितो म्हणून.

बोअर मारून झाल्यावर काल उखळीची चाचणी झाली. सोमवार, उद्यमनगरला सुट्टी, म्हणून कालचाच दिवस धरला होता. मुडशिंगीच्या अलीकडं एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, मालक पिराजीच्या ओळखीचा. पोलिसांत कागद दिला होता, एक हवालदार येऊन बघून गेला आणि म्हणाला, "एवढीशीच हाय व्हय? मला वाटलं मोठी तोफ आसंल." सम्राटला ते लागलं. मला हसू आलं, पण आतून हसायच्या मनःस्थितीत नव्हतो.

बाभळीचा गाडा गुंडूनंच केलाय, जुन्यासारखा, लोखंडी पट्ट्या मारून. उखळी त्यावर बसवली तेव्हा खरंच सांगतो, मी फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली. सकाळच्या उन्हात ती काळी, बुटकी, तोंड वर करून बसली होती, हट्ट धरून बसलेल्या पोरासारखी. क्रांतीनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. शेजारच्या माळावर शेळ्या होत्या, त्या राखणाऱ्या म्हातारीला लांब जा म्हणून सांगायला गेलो तर म्हणाली, "पावणं, लगीन कुणाचं हाय?"

पिराजीनं दारू भरली. वरून गोळा नाही, नुसता बार. चाचणी म्हणून पहिल्या खेपेला कमीच भरली. आम्ही सगळे खाणीच्या कडेला वाळूची पोती रचून त्यामागं थांबलो. बत्ती दिली गेली. आधी नुसता धूर, मग असा दणका झाला की खाणीच्या तिन्ही भिंतींनी तो परत फेकला. क्रांतीच्या कानात कापूस होता तरी ती खाली बसली. शेळ्या मात्र नुसत्या माना वर करून परत चरायला लागल्या. पांढरा धूर बराच वेळ हलला नाही, वारा पडला होता. धूर विरला तेव्हा उखळी जिथल्या तिथं होती. सगळे सुखरूप आहेत. पिराजीनं टोपी उडवली. गुंडू मिस्त्री चक्क नाचला, या वयात.

तुला वाटेल, झालं, आता कृष्णात गप्प बसेल. पण मी रात्रभर विचार केला. दारू कमी होती. यात्रेत पालखी निघताना एक, देवळाला वळसा घातल्यावर एक, परत आल्यावर एक, असे बार होणार आणि दारू पुरती भरणार. जुनी उखळी तरी पहिल्या बाराला कुठं तडकली होती? धातूच्या आत पोकळी असेल तर ती प्रत्येक दणक्याला थोडी थोडी वाढते, कुणाला कळत नाही, आणि एके दिवशी कळतं. एका बारानं काही सिद्ध होत नाही. उलट एक बार नीट झाला म्हणून सगळे निर्धास्त झाले, हे मला जास्त वाईट वाटतंय.

बार झाल्यावर सम्राट माझ्याजवळ आला, म्हणाला, "झालं का समाधान?" मी विचारलं, "माझ्या समाधानाचं तुला कुणी काय सांगितलं?" तो म्हणाला, "कुनी न्हाय. तुमचं तोंड सांगतंय की." आता हे तो असाच बोलला का तू त्याला काही बोललीस, मला कळत नाही. बोलली असशील तर कळव. मी चिडणार नाही.

दाजींना अजून गुडघ्याचं बोललीस का? ते मला फोनवर म्हणाले की यंदा आपण नवा फेटा घेतलाय. त्या आवाजावरून तू अजून बोललेली दिसत नाहीस.

बाकीचं भेटल्यावर बोलू.

तुझा
कृष्णात


उद्यमनगर, कोल्हापूर
११ मार्च

आक्का,

नमस्कार.

तू फोनवर दुसरं काहीच विचारलं नाहीस. "बत्ती कुनी दिली?" एवढंच. मी म्हणालो, आवाज येत नाही. आवाज चांगला येत होता. मागच्या पत्रात 'बत्ती दिली गेली' असं लिहून मी पुढं गेलो, आणि तू नेमकं तिथंच बोट ठेवलंस. आई म्हणायची की आक्कापुढं खोटं बोलायचं असेल तर घराबाहेर जाऊन बोला.

बत्ती सम्राटनं दिली.

पिराजीनं लांब वात लावली होती. सगळ्यांनी पोत्यांमागं थांबायचं आणि वात पेटवायची, असं ठरलं होतं. सम्राटनं ती वात काढून टाकली. म्हणाला, "माजा बाप काकडा घिऊन जानार. मग चाचणी बी तशीच घ्याला पायजे. मी जातो." पिराजी म्हणाला, "तसं करू नगोस बाबा, नवी हाय ती." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. गुंडूनं बघितलं. तिथं मोठा मीच होतो. मी नाही म्हणालो असतो तर तो गेला नसता.

मी काही बोललो नाही.

का बोललो नाही ते लिहितो, कारण तू विचारणारच. माझ्या डोक्यात हिशोब चालला होता. बूड पोकळ असेल तर हे सम्राटला माहीत असणार. माहीत असेल तर तो जवळ जाताना भिणार, काकडा लांबून धरणार, मान वळवणार. म्हणजे मला कळेल. मी उखळीकडं बघतच नव्हतो. मी तुझ्या पोराच्या तोंडाकडं बघत होतो. तो काठी घेऊन निघाला, दाजी जातात तसाच, सावकाश. बत्ती दिली. एक एक पाऊल मागं आला. चेहऱ्यावर भीती नव्हती. आणि त्या क्षणी मला काय वाटलं असेल? सुटलो असं वाटलं नाही. वाटलं, पोरगं पक्कं आहे, याच्या तोंडावरनं काही ओळखू येणार नाही.

एवढं मी तुला लिहिलं नव्हतं.

काल सोमवार होता. मी दुकानात एकटाच हत्यारं पुसत बसलो होतो. सम्राट पिकअप घेऊन आला. उखळी उतरवली, गाड्याशिवाय, नुसती. तू त्याला पुट्टीबद्दल शपथ घालून विचारलंस हे त्यानंच सांगितलं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. आई आहेस, विचारणारच.

त्यानं उखळी उचलून हॅकसॉ मशीनवर ठेवली, पट्टा आवळला आणि पातं मधोमध आणून म्हणाला, "कापा."

मी म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं? यात्रा तोंडावर आलीय."

"तुमचं समाधान कापल्याबिगार हुयाचं न्हाय. यंत्र फिरवून झालं, बार काडून झाला. आता आत बघा, उभी चिरून. मला माहीत हाय आत काय हाय ते. तुमाला न्हाय."

"पुट्टी आहे का नाही ते सांग आधी."

"हाय. बुडाला, भाईरच्या कडंला. हरभऱ्यायवडा खड्डा पडलता वाळूचा. आत कायबी न्हाय."

"मग नाही का म्हणालास मला?"

"सांगितलं आसतं तर काय केलं आसतासा? अख्खी उखळी भंगारात घातली आसतासा. पयली ओत मी सोताच मोडली, तिची मान नीट उतरली नव्हती. म्हनून नमुना परत नेला. दुसरी झ्याक उतरली, निस्ता त्यो खड्डा. हरभऱ्यासाटनं तिसऱ्यांदा ओतायची काय?"

आक्का, तो खरं बोलत होता. मी भंगारातच घातली असती. एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं पट्टा सोडवला असता, उखळी परत पिकअपमध्ये ठेवली असती आणि पोराला चहा पाजला असता. मला वाटलं, आता खड्डा कबूल करतोय म्हणजे आणखी काहीतरी लपवत असणार.

मी बटण दाबलं.

तुला ते मशीन माहीत नसेल. पातं पुढं जातं, मागं येतं, हातानं कापल्यासारखं, पण स्वतः. गनमेटल मऊ असलं तरी एवढा गोळा कापायला वेळ लागतो. बटण माझ्या हाताशी होतं. कधीही बंद करता आलं असतं. सम्राट समोरच्या स्टुलावर बसला होता, हाताची घडी घालून, पिवळा भुगा खाली पडताना बघत. क्रांती मधे चहा घेऊन आली, तिनं मशीनवर काय आहे ते बघितलं आणि कप हातात धरून तिथंच उभी राहिली.

दोन भाग झाले. मी आधी एक उचलला, मग दुसरा. पुसले. उजेडात नेले, भिंग लावलं. तोंडापासून बुडापर्यंत एकसारखं, पिवळंधमक, घट्ट. टाचणीच्या टोकाएवढं भोक नाही. इतकं स्वच्छ ओतीव मी फार थोड्या वेळा बघितलंय. बाहेरच्या कडेला तो पुट्टीचा ठिपका होता, हरभऱ्याएवढाच, दारूच्या जागेपासून चांगला लांब.

आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "पण पुट्टी होती की! मी म्हणत होतो ते खरंच होतं."

सम्राट उठला. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, एक इचारू? खाणीत तुमाला वाटत हुतं का न्हाई, ही फुटनार म्हनून?"

मी हातातला भाग फडक्यानं परत पुसायला लागलो.

"वाटत हुतं न्हवं? मग मला जाऊ दिलंसा कसं?"

आक्का, मी उत्तर शोधलं. तू विचारशील म्हणून कालपासून शोधतोय. फुटणार नाही अशी खात्री होती म्हणावं, तर मग तुला ते पहिलं पत्र का लिहिलं? फुटेल असं वाटत होतं म्हणावं, तर त्याच्या दंडाला धरून मी त्याला मागं का ओढलं नाही? दाजींसाठी मी गुडघ्याचं निमित्त शोधलं. त्याच्यासाठी एक शब्द शोधला नाही. मला त्याच्यापेक्षा माझा संशय खरा ठरणं मोठं वाटलं. त्या वेळेपुरतं का होईना, वाटलं. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही, आणि तुला लिहिताना लाज वाटते, कारण ते पोरगं तुझं आहे.

सम्राटनं दोन्ही भाग पिकअपमध्ये ठेवले. वितळवून परत ओतणार म्हणाला, यात्रेच्या आधी होईल म्हणाला. मी म्हणालो, बोअर मारायला आण, सगळी कामं बाजूला ठेवतो. तो म्हणाला, "बोअरचं बघतो मी दुसरीकडं." रागानं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. जाताना क्रांतीला वाकून नमस्कार केला, "मामी येतो" म्हणाला. मला काही म्हणाला नाही.

क्रांतीनं तो गार झालेला चहा मोरीत ओतला. कालपासून तिनं मला एकदाही चिडवलेलं नाही. सकाळी मी मुद्दाम म्हणालो, दूधवाला पाणी घालतोय वाटतं. तिनं नुसतं दूध गॅसवर ठेवलं.

दाजींना गुडघ्याचं काही सांगू नकोस. त्यांनी नवा फेटा बांधावा आणि बत्ती द्यावी. नवी उखळी मी तपासणार नाही, ठोकून वाजवून बघणार नाही, कुठं बोअर मारली ते विचारणार नाही. मला एवढंच हवंय की दाजी बत्ती द्यायला जातील तेव्हा मला त्यांच्या शेजारी उभं राहू द्यावं आणि त्यांच्याबरोबर उलट्या पावलांनी मागं येऊ द्यावं. खाणीत जिथं उभं राहायला हवं होतं तिथं उभा राहिलो नाही. पण हे मी ठरवायचं नाही, आणि तू पण नाही. तू सम्राटला विचार, मामानं यात्रेला यावं का.

तो ये म्हणाला तर येतो. नको म्हणाला तर इथंच राहीन. तो काय म्हणाला ते तू मला कळव, एका ओळीत कळवलंस तरी चालेल. तो खरंच तसं म्हणाला का, हे मी तुला विचारणार नाही.

तुझा
कृष्णात